दसऱ्याआधीची तारीख

१

शुक्रवारी सकाळी नीमाने ट्रंक उघडली आणि पासपोर्ट जागेवर नव्हता.

बाकी सगळं होतं. गोरक्षच्या मृत्यूचा दाखला, लग्नाची नोंद, दिशाचा जन्मदाखला. फडक्यात बांधलेलं मंगळसूत्रही होतं. तिने ट्रंक पालथी केली, कपडे झटकले, गादीखाली पाहिलं. मग ती दारात येऊन बसली आणि जावेला म्हणाली, "अश्विनी, पाटीलबाईला फोन लाव. माझ्या हातानं लागायचा न्हाई."

नीमा टांझानियाची. राहुरीला शेतीचं शिक्षण घ्यायला आली होती. तिथं तिला गोरक्ष दरेकर भेटला. लग्न झालं आणि मिरजगावच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत असलेल्या या वस्तीवर ती सून म्हणून आली. मराठी ती सासूकडून शिकली, त्यामुळे डोळे मिटून ऐकलं तर कर्जत तालुक्यातलीच बाई बोलते आहे असं वाटावं.

गोरक्ष जिवंत होता तोवर तिला इथं राहायची परवानगी नवऱ्याच्या नावावर मिळायची. दोन वर्षांपूर्वी तो हमरस्त्यावर अपघातात गेला. आता परवानगी मागायची ती दिशाची आई म्हणून. दिशा इथली नागरिक, सहा वर्षांची. नगरच्या कचेरीतल्या साहेबांनी सगळं नीट समजावलं होतं. सोमवारी, एकोणतीस तारखेला, मूळ पासपोर्ट घेऊन यायचं आणि इथला एक हमीदार सोबत आणायचा. जुनी मुदत त्याच दिवशी संपत होती. त्या दिवशी हातात पासपोर्ट नसेल तर तिला देश सोडायला सांगतील, आणि परत कधी येता येईल ते कुणालाच सांगता येणार नव्हतं. नवा पासपोर्ट काढायचा तर दिल्लीच्या खेपा आणि महिन्यांची वाट.

राजेश्वरीबाई सोयाबीन सोंगायचं सोडून आली. ती गावची पोलीस पाटील, सरकारनं नेमलेली. मानधन नावाला आणि काम रोजचं. पदराला हात पुसत तिने ट्रंक पाहिली. कुलूप शाबूत होतं.

"चावी कुठं असती?"

"चुलीपाशी. खिळ्याला," नीमा म्हणाली.

"सोनं तसंच ठेवलंय. म्हणजे चोराला सोनं नको होतं." राजेश्वरीबाईने ट्रंक बंद केली. "नीमा, पाणी पी. चोर बाहेरचा नाही. बाहेरच्याला ह्या वस्तूची किंमत कळत नाही."

२

पहिली अश्विनी. धाकट्या दिराची बायको. गोठ्यातून हात धुऊन आली ती बोलतच आली.

"माझ्यावर नका येऊ बाई. ट्रंक मी उघडली हुती, पण ती अवसंला. घट बसायच्या आदी सगळं घर धुवाया काढलं हुतं. वाकळा, गोधड्या, समदं. निळं बारकं पुस्तक, प्लाष्टिकच्या पिशवीत. मीच पुन्ना वर ठिवलं आन् कुलूप लावलं."

"त्यानंतर?"

"त्यानंतर कोन उघडतंय? घट बसल्यापासून आत्याबाई देवापाशी, आन् मी हितं शेणात."

राजेश्वरीबाई हसली नाही, पण तिला बरं वाटलं. पासपोर्ट अमावस्येपर्यंत होता. म्हणजे तो गेला त्यानंतरच्या चार-पाच दिवसांत, घर माणसांनी भरलेलं असताना.

तेवढ्यात अजिनाथ आला. नीमाचा धाकटा दीर, अश्विनीचा नवरा. मोटारसायकलीच्या दोन्ही बाजूंना दुधाचे रिकामे कॅन. गाडी लावायच्या आधीच त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"माझंच नाव घेतलं आसंल हिनं."

"नाही घेतलं," राजेश्वरीबाई म्हणाली. "मीच घेते. तू हिला, तुझ्या देशात जा, असं म्हणाला होतास का? सगळ्या गावानं ऐकलंय."

"म्हणालो हुतो. लई वेळा म्हणालो. ती बी मला म्हणती, तुमी सासरवाडीला जाऊन ऱ्हावा. मग जातो का मी?"

अश्विनीने पदर तोंडाला लावला.

"भांडण कशाचं?" राजेश्वरीबाईने विचारलं.

"पोरगी. हितं जिल्हा परिषदेची शाळा हाकेवर हाय, आन् हिनं तिला मिरजगावला इंग्रजीत घातली. रोज बस, रोज धूळ. सहा वर्षांचं लेकरू." तो नीमाकडे न बघता बोलत होता. "पासपोर्ट मला घ्यायचा आसता ना पाटीलबाई, तर ह्या अंगनात, हिच्या समूर चुलीत घातला आसता. चोरून कशापायी?"

राजेश्वरीबाईला ते पटलं. अजिनाथचा राग सगळा तोंडावाटे बाहेर पडायचा, आत काही उरायचं नाही. अशा माणसाला एक वस्तू चार दिवस लपवून गप्प बसणं जमलंच नसतं.

पण ती हे बोलली नाही. कारण अंगणात एक पांढरी कार येऊन थांबली होती, आणि तिच्यातून उतरणारा माणूस उतरता उतरताच म्हणाला, "काय शोधायचं ते शोधा, पर देवघरात कुनी शिरू नका. घट बसलाय."

३

हा ज्ञानेश्वर. गोरक्षचा चुलतभाऊ. कडक इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. वस्तीवर सरकारी कामाचा माणूस म्हणजे तोच. नीमाचा हमीदारही तोच. नगरच्या कचेरीत तिला घेऊन गेला होता तो आणि परत आणून सोडली तीही त्यानेच.

"वहिनी, रडू नका," तो म्हणाला. "मी वकिलाला इचारलंय. न्हाईच सापडला, तर तुमी एकदा जाऊन या. दिशाला हितं ठेवा. जमीन, हीर, आमी बघू समदं."

राजेश्वरीबाईने मान वर केली. जमिनीचं ठीक. विहिरीचं अजून कुणी बोललंच नव्हतं.

विहीर सामाईक होती. गोरक्ष होता तेव्हा त्याच्या पाळीला त्याचं पाणी चालायचं. तो गेल्यावर त्याची पाळी ज्ञानेश्वरच्या लिंबोणीला जाऊ लागली, आणि दोन वर्षांत लिंबोणी चांगली डोक्याएवढी झाली. यंदा नीमाने सगळ्यांसमोर सांगितलं होतं, परवानगीचं काम झालं की माझी पाळी मी घेणार, कांदा करणार. तेव्हा ज्ञानेश्वर लगेच "घ्या की" म्हणाला होता.

"ज्ञानेश्वर," राजेश्वरीबाई म्हणाली, "तू ह्या घरात शेवटचा कधी आलास?"

"अवसंच्या आदी. नगरवरून वहिनीला सोडली तवा. त्यानंतर ह्या घरात पाय न्हाई माझा. उगं कुनी संशव घ्यायला नको."

"संशयाचं मी काही बोलले नाही."

"आपलं म्हनलं." तो हसला आणि बाजेवर बसला.

राजेश्वरीबाईने चपला काढल्या, पायावर पाणी घेतलं आणि देवघराच्या उंबऱ्याशी जाऊन बसली. आत बायडाबाई होती, नीमाची सासू. नवरात्रात ती नऊ दिवस उपास करायची आणि घट उठेपर्यंत घराबाहेर पाऊल टाकायची नाही. तिच्यासमोर वेताच्या टोपलीत काळी माती, मातीवर घट, घटावर लोंबणाऱ्या माळा, बाजूला तेवता दिवा.

"आत्याबाई, सुनेचा पासपोर्ट हरवला. कळलं ना?"

"कळलं."

"तुमाला काय वाटतं?"

"सापडंल." म्हातारीने वातीवरची काजळी झटकली. "देवी हाय. दसरा झाला की नगरला जायाचंच हाय की. तवर निगंल."

दारामागे उभ्या असलेल्या नीमाने हे ऐकलं आणि ती चटकन मागे फिरली. मागच्या पडवीत राजेश्वरीबाईने तिला गाठलं.

"बघितलं?" नीमा म्हणाली. "समदं घर इकडचं तिकडं झालं, पर त्यांच्या तोंडावर काही न्हाई. गोरक्ष गेला तवा ह्याच बाईनं मला कुशीत घेतलं हुतं. आता मी जावं आसंच वाटतंय त्यांना. पोरगी ऱ्हाईल, सून जाईल."

"थांब जरा."

"थांबायला सोमवार कुठं लांब हाय पाटीलबाई?"

राजेश्वरीबाईने वळून देवघराकडे पाहिलं. म्हातारीच्या बोलण्यातलं एक वाक्य तिच्या कानात अडकलं होतं, आणि डोळ्यांपुढून घटाची ती टोपली हलत नव्हती. टोपलीत तिन्ही बाजूंनी धान पोपटी आणि दाट उगवलं होतं. पुढच्या बाजूला मात्र वीतभर जागेत कोंब पिवळे, बसलेले, आणि मातीवर पाणी साचलेलं. त्या जागेला कडा होत्या. सरळ, चौकोनी.

४

"अश्विनी, घटाला माती कुठली?"

अश्विनी कडबा टाकत होती. "हिरीजवळची."

"कुणी आणली?"

"ज्ञानूभाऊजींनी. घट बसायच्या दिवशी, तांबडं फुटायला. पाटी घेऊन सरळ आत गेले. मी धार काढीत हुते. आत्याबाईसंगं लई येळ बोलत बसले हुते देवघरात. का वो?"

"काही नाही. धान पुढच्या अंगाला नीट आलं नाही, म्हणून विचारलं."

"आत्याबाईचं तेच चाललंय. म्हनत्यात, देवीच्या मनात काय हाय कोन जाने."

राजेश्वरीबाई बांधावर जाऊन उभी राहिली. ऊन चढलं होतं. तिने मनात एकेक गोष्ट मांडली.

हिला कायमचं घालवायचं असतं तर चोराने पासपोर्ट जाळला असता किंवा विहिरीत टाकला असता. पण ट्रंक चावीने उघडून, बाकी सगळं घडीसकट ठेवून, पुन्हा कुलूप लावून चावी खिळ्याला अडकवणारा हात घरातला आणि प्रेमाचा होता. ज्ञानेश्वर सकाळी सरळ देवघरात गेला, चुलीपाशी नाही. त्याने पासपोर्टला हातसुद्धा लावला नसेल.

आणि म्हातारी म्हणाली, दसरा झाला की जायचंच आहे. यंदा दसरा होता दोन ऑक्टोबरला. एकोणतीस तारीख त्याच्या आधी, घट बसलेले असतानाच. नीमाने सासूला तारीख सांगितली होती, पण ती इंग्रजी. बायडाबाई तारखा जाणत नव्हती. तिचा सगळा हिशेब अवस, पुनव, पाडवा, दसरा. एकोणतीस म्हणजे कधी, हे तिला कुणाला तरी विचारावं लागलं असणार. कुणीतरी तिला 'नंतर' असं सांगितलं होतं.

म्हणजे चोरीत दोन माणसं होती. त्यातल्या एकाने काहीच उचललं नव्हतं. आणि जिने उचललं होतं, तिला आपण चोरी केली हे ठाऊकच नव्हतं.

राजेश्वरीबाई घराकडे वळली. सगळ्यांना ओसरीवर बोलवायचं होतं, देवघराच्या दाराला लागून, आतल्या बाईला प्रत्येक शब्द ऐकू येईल अशा अंतरावर.

५

ज्ञानेश्वर बाजेवर, अजिनाथ खांबाला टेकून, नीमा उंबऱ्याच्या एका बाजूला, अश्विनी दुसऱ्या. आत बायडाबाई जप करत होती.

"मला तारखेचं जरा समजत नाही," राजेश्वरीबाई म्हणाली. "ज्ञानेश्वर, तू सरकारी कामातला. एकोणतीस म्हणजे दसऱ्याआधी का नंतर?"

ज्ञानेश्वर थबकला. त्याची नजर देवघराच्या दाराकडे गेली.

"एकोनतीस ती एकोनतीसच की."

"हो, पण दसऱ्याआधी का नंतर?"

"आरं सांग की," अजिनाथ खेकसला. "येवढं काय त्यात? सोमवारी एकोनतीस, दसरा बिस्तरवारी. आदी हाय. बारक्या पोराला बी ठावं हाय."

आतला जप थांबला.

राजेश्वरीबाईने वळून पाहिलं नाही. "ज्ञानेश्वर, अजिनाथ बरोबर बोलतो का?"

"बरुबर हाय," ज्ञानेश्वर हळू म्हणाला.

"ज्ञानदेवा." बायडाबाई दारात उभी होती. उपासाने आवाज बारीक झाला होता, पण प्रत्येक शब्द सुटा आला. "मला तर तू नंतर सांगितलं. माती घिऊन आला तवा मी इचारलं, कवा जायाचं हाय सूनबाईला. तू म्हनला, घट उठल्यावर. तवर ते पुस्तक देवीच्या मातीखाली ठेव, काम हुईल. आन् कुनाला बोलू नको, बोललीस तर पावनार न्हाई."

कोंबडी ओसरीवर चढली, तिला कुणी हाकललं नाही.

"थोरल्या आई, मी चांगल्यासाठीच," ज्ञानेश्वरने सुरुवात केली.

"चांगल्यासाठी असतं तर सकाळी येऊन सांगितलं असतंस," राजेश्वरीबाई म्हणाली. "उलट आल्याआल्या देवघरात शिरू नका म्हणालास. ह्या घरात पाय ठेवला नाही म्हणालास, आणि घटाची माती तुझ्या पाटीतून आली. तुला ठाऊक होतं, एकदा घट बसला की दसऱ्यापर्यंत ह्या घरात कुणी त्याला हात लावत नाही. दसऱ्याला पासपोर्ट आपोआप निघाला असता, जसाच्या तसा. देवीनं सांभाळला, असं सगळे म्हणाले असते. फक्त मुदत गेली असती. आणि पाण्याची पाळी तुझ्याकडं राहिली असती."

"मी काय चोरलंय?" ज्ञानेश्वर उठला. "दावा. कायद्यानं दावा."

"कायद्यानं तू काहीच चोरलं नाहीस. म्हणून तर इतका वेळ लागला मला."

अजिनाथ खांब सोडून पुढे आला. त्याच्या हाताची मूठ पाहून अश्विनी मध्ये गेली. "बसा वो खाली. दुधाचे कॅन धुवायचेत अजून."

"म्या हमीदार व्हनार न्हाई आता," ज्ञानेश्वर म्हणाला. "बघा मग सोमवारी काय करताय ते." तो बूट घालायला लागला. "आन् पासपोर्ट पायजे आसंल तर घट उठवा. बघू कोन उठवतंय."

कार निघून गेली. तो बोलला ते खरं होतं, आणि हे सगळ्यांना कळत होतं.

६

राजेश्वरीबाई देवघराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिली. इथं तिचा अधिकार संपत होता, आणि ती तसं म्हणालीही. "आत्याबाई, हा घट तुमचा. मी सांगणार नाही, आणि हातही लावणार नाही."

बायडाबाई लग्न होऊन या घरात आली त्या वर्षापासून तिने घट बसवला होता. नवरा दवाखान्यात होता त्या वर्षीही, आणि गोरक्ष गेला त्या वर्षीही. मध्येच उठलेला घट म्हणजे घरावर काय येईल याची यादी तिच्या सासूने तिला नवी नवरी असतानाच पाठ करून दिली होती.

"ऱ्हाऊ द्या आत्याबाई," नीमा म्हणाली. "मी दिल्लीला जाते. काही तरी हुईल. माज्यापायी देवीला हलवू नका."

"गप."

"पर आत्याबाई..."

"गप म्हनलं ना." म्हातारी घटासमोर बसली. तिने दिव्याची वात पुढे सारली. मग म्हणाली, "तू काय समजलीस? मी तुला घालवाया बसले?"

नीमाने खाली पाहिलं.

"समजलीस. तुजं बी चुकलं न्हाई. मी गप बसले, आन् तू बघत ऱ्हाईलीस." तिने पदर खोचला. "ही देवी आई हाय का न्हाई? मंग आईला लेकरापासून तोडायचं काम तिच्या मातीखाली झालं, हे तिला चालंल? मला तर वाटतंय, त्या पायीच पुढचं धान बसलं."

"पिशवीनं पाणी मुरलं नाही..." राजेश्वरीबाईने तोंड उघडलं आणि तिथंच थांबली. म्हातारीचं म्हणणं तिला खोडायचं नव्हतं.

"घट भुईला टेकता कामा न्हाई," बायडाबाई म्हणाली. "मी हातानं माती उकरनार. तवर कुनीतरी धरला पायजे. अश्विनी?"

अश्विनी घाबरून मागे सरली. "माझे हात शेणाचे हायती आत्याबाई."

"ऱ्हाऊ दे मंग. नीमा, ये. हात धू."

नीमा हलली नाही. या घरात घटाला हात फक्त बायडाबाईचा लागायचा. अश्विनीचासुद्धा नाही, अजिनाथचा नाही, गावच्या गुरवाचाही नाही.

"मी?"

"मंग कोन? तुज्याच लेकरापासनं तुला तोडाया निघाले हुते ना?"

नीमाने हात धुतले, कोरडे केले आणि सासूसमोर गुडघ्यावर बसली. बायडाबाईने दोन्ही हातांनी घट उचलला. माळा हलल्या, पानं खसखसली. तिने तो नीमाच्या ओंजळीत ठेवला आणि ओंजळीखाली आपले हात क्षणभर धरले.

"जड हाय," नीमा म्हणाली.

"आसतोच. हलवू नको."

अजिनाथ दाराशी येऊन उभा राहिला होता. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. म्हातारीने पिवळ्या कोंबांच्या जागी बोटं घातली, माती बाजूला केली, आणि पिशवी वर आली. वर पाणी होतं, आत निळं पुस्तक कोरडं. तिने ते राजेश्वरीबाईकडे सरकवलं, माती पुन्हा सारखी केली, चार दाणे नवे टाकले, आणि नीमाच्या हातातून घट घेऊन जागेवर ठेवला. दिवा एकदाही विझला नाही.

"हमीदाराचं काय?" राजेश्वरीबाईने विचारलं. "सोमवारी माणूस लागंल. इथला, सोबत उभा राहणारा."

"लागंल म्हनजे?" अजिनाथ म्हणाला. "मी काय मेलोय?"

"तू रोज हिला घालवत असतोस."

"ते घरातलं झालं. कचेरीत कुनी घालवलं तर बघतो की त्याच्याकडं."

सोमवारी नीमा, राजेश्वरीबाई आणि अजिनाथ पहाटेच्या एसटीने नगरला गेले. कचेरीत साहेबांनी पासपोर्ट उलटून पालटून पाहिला, दिशाचा दाखला पाहिला, आणि अजिनाथला समोर बोलावलं.

"जबाबदारी घेताय. विचार केलाय ना? मुलगी आईपाशीच राहणार?"

"साहेब," अजिनाथ म्हणाला, "पोरगी हिच्यापाशी, आन् ही आमच्यापाशी. आमी दोघं भांडतो लई, ते बी लिवून घ्या. नंतर कुनी अर्ज करायला नको."

साहेब हसले आणि त्यांनी सही कुठं करायची ते दाखवलं. दुपारी परवानगी मिळाली. बसस्टँडवर राजेश्वरीबाईने तिघांसाठी चहा सांगितला. अजिनाथने स्वतःचा कप बशीत ओतला, आणि नीमाकडे न बघता म्हणाला, "हिरीच्या मोटरचा स्टार्टर उद्यापासून तुज्याकडं. मी ज्ञानदेवाला काल सांगून आलो. कांद्याला वाफे कधी पाडायचे, ते सांग."

"उद्याच," नीमा म्हणाली. "सकाळी दिशाला बसमंधी बसवलं की लगीच."